आधीच आहे

कुरुंदवाडच्या शिवगंगाआज्जींना लग्नातली जुनी गाणी येत, अर्धी मराठी, अर्धी कन्नड. दुसऱ्या कुणालाच ती येत नव्हती. कोल्हापुरातल्या एका संग्रहासाठी मी दर रविवारी एसटीने जाऊन ती छोट्या रेकॉर्डरवर टिपून घ्यायचे. एरवी मी तिथेच राजारामपुरीत सॉफ्टवेअरचं काम करते.

आज्जींच्या घरात नेट मध्येच तुटायचं, म्हणून अपलोडसाठी मी स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली, की फाइल तुकड्यातुकड्यांनी संग्रहाच्या सर्व्हरवर जायची. पाठवण्याआधी तो फाइलचा ठसा काढून सर्व्हरला विचारायचा. हुबेहूब तीच फाइल तिथे असेल, तर पाठवायचा नाही. ‘आधीच आहे’ एवढंच छापायचा.

चाळीस गाणी नीट गेली.

एकेचाळिसावं आज्जींनी सकाळी अकराला म्हटलं. मध्ये त्यांना खोकला आला, बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. पाच मिनिटांनी मी ते पाठवायला घेतलं.

आधीच आहे.

माझ्या कोडमध्ये चूक असणार. शोधली, सापडली नाही. सर्व्हरवरची फाइल उतरवून ऐकली. तोच खोकला, तोच हॉर्न. तारीख मागच्या रविवारची होती आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव.

“आज्जी, आता ठरवलेलं सोडून दुसरं काहीतरी म्हणा.”

“कंचं?”

“कुठलंही. मला सांगू नका.”

त्यांनी थोडा विचार करून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला मी मुद्दाम वाटीवर चमचा वाजवला. मग फाइल पाठवली.

आधीच आहे.

उतरवलेल्या फाइलमध्ये तिसऱ्या ओळीला चमचा वाजला.

“हे मी आत्ता म्हटलो की,” आज्जी म्हणाल्या. “मग तिकडं आधी कसं गेलं?”

“बघते.”

त्या चहा ठेवायला उठल्या. मी सर्व्हरवरची यादी उघडली. आम्ही बेचाळीस गाणी केली होती. यादीत त्रेचाळीस फायली होत्या. शेवटची जेमतेम मिनिटभराची.

आज्जींचं वय एक्याऐंशी. मला वाटलं, मला कळलं: त्यांचं शेवटचं गाणं अर्ध्यातच तुटणार. ती फाइल मी उतरवून घेतली, पण त्यांच्यासमोर लावायचा धीर झाला नाही. चहा झाल्यावर घाईघाईने सामान भरलं.

“आज एवढंच करू या, आज्जी.”

“का गं? अजून धा-बारा तरी हाईत.”

“पुढच्या खेपेला.”

“ये मग. उशीर करू नगंस.”

त्या दारापर्यंत आल्या. त्यांच्याकडे वळून बघायचं मी टाळलं.

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर लख्ख ऊन होतं. जयसिंगपूर मागे पडल्यावर मी लॅपटॉप मांडीवर घेतला, कानात हेडफोन घातले आणि त्रेचाळिसावी फाइल लावली.

गाणं नव्हतं. पंख्याची घरघर होती. मग आज्जींचा आवाज आला, अगदी जवळून.

“चालू झालं व्हय ह्ये? दिवा तर लागलाय.”

मशीन उचलल्याची खरखर आली.

“पोरी, तुझं मशीन हितंच ऱ्हायलंय. तुझ्या घरचं कोण न्ह्यायला येतंय का, वाट बघतोय. त्यास्नी तरी कसं विचारायचं. आज तेरावा दिवस.”

फाइल संपली. गाडीने वेग घेतला होता.

मी पिशवी मांडीवर उपडी केली. चार्जर, वही, पाण्याची बाटली.

रेकॉर्डर नव्हता.