धुण्याच्या दगडावरची बॅटरी

नारायणगावला उतरून मी निमगाव सावाची जीप पकडली, तेव्हा टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे होते. माझ्या मांडीवर खोका होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, मिठाई का? मी म्हटलं, बॅटऱ्या. त्यांनी पदर आवरला आणि जरा सरकून बसल्या.

त्या भागातले लोक बॅटरीला बिचकायचे आणि त्याला कारण आमच्याच घरी घडलं होतं. माझा मामेभाऊ सूरज विहिरीजवळच्या खोलीत गेला. फवारणीच्या पंपाची बॅटरी चार्जिंगला लावलेली, भर दुपार, गेणूमामा तिथेच खाटेवर आडवे झालेले. बॅटरी फुगली आणि पेटली. सूरजने बापाला काखेत धरून बाहेर ओढलं आणि बॅटरी बाहेर फेकायला तो परत आत शिरला. त्या धुरातून तो आला नाही.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत बॅटऱ्यांवर काम करते. साध्या लिथियम बॅटरीत दोन टोकांच्या मध्ये एक द्रव असतो. तापला की पेट घेतो तो तोच. आम्ही द्रवाच्या जागी सिरॅमिकची पांढरी, नखाएवढी पातळ चकती बसवतो. तिच्यातून लिथियम पलीकडे जातं, पण ती स्वतः जळत नाही. खोड एकच. कुठे डोळ्यांना न दिसणारी चीर राहिली, तर तिच्यातून लिथियमचे केसासारखे तंतू वाढत जातात आणि कधीतरी दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवतात; मग तीही बॅटरी तापून पेटू शकते. सूरज गेल्यापासून माझ्या डोक्यात त्या चकतीशिवाय दुसरं काही नव्हतं. शेतावर चाचणी घ्यायचं ठरलं, तेव्हा मामांची जागा मीच सुचवली.

मामांनी त्या खोलीला चुना देऊन घेतला होता. छताच्या पत्र्यावरचा काळा डाग मात्र राहिला होता. फळीवर मी आमच्या चकतीच्या बॅटऱ्यांचे तीन पांढरे पॅक मांडले आणि तुलनेसाठी बाजारातला एक द्रवाचा पॅक ठेवला. सूरजची बायको स्नेहल उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत होती. ती आत आली नाही.

सकाळी तोंड धुवायला विहिरीवर गेले, तर द्रवाचा पॅक धुण्याच्या दगडावर होता. मला वाटलं, स्नेहलच्या मनातली भीती. मी तो परत फळीवर ठेवला. जेवणं होईतो तो पुन्हा दगडावर आला. मग मी तिला बाजूला घेऊन समजुतीनं विचारलं.

"ताई, मी त्या खोलीत पाऊल ठेवत न्हाई," ती म्हणाली. "आन् ठेवलं असतं, तर चारीच्या चारी विहिरीत टाकल्या असत्या. एकच कशाला काढीन?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी खोलीला माझं कुलूप घातलं आणि किल्ली जवळ ठेवली. मोबाइल आतच चार्जिंगला राहिला होता. मामा समोर जांभळीखाली बसले होते, मी त्यांच्याजवळ शेंगा सोलत बसले. दार माझ्या नजरेसमोर होतं. तिकडे कुणी फिरकलं नाही.

ऊन कलल्यावर पाणी शेंदायला गेले. दगडावर तो पॅक होता आणि त्याला लागून माझा मोबाइल. चार्जरची वायर नीट गुंडाळून वर ठेवली होती.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत गेले तर गोडसर वास आला, जास्त पिकलेल्या केळ्यात स्पिरिट मिसळावं तसा. तो वास मी ओळखते, बॅटरीतल्या त्या द्रवाचा. पण पॅक कुठेच गळत नव्हता. खिडकीच्या गजांतून माझा हातही जात नव्हता. पत्रे पक्के होते. आमचे तीन पांढरे पॅक फळीवर मांडले होते तसेच होते.

मी मामांकडे बघितलं. त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे बाजूला टाकले.

"माझा मोबाइलबी तिथं टिकत न्हाई," ते म्हणाले. "आमी त्याच्यावर बोलत न्हाई आता."

अहवालात मी यातलं काहीच लिहिलं नाही. पण परतीच्या वाटेवर मला बरं वाटत होतं. माझे पॅक त्याने हलवले नव्हते. कुठल्याही यंत्राने दिलेल्या आकड्यापेक्षा मला त्याचा भरवसा जास्त वाटला, आणि हे मी कुणाला सांगू शकत नव्हते.

चाचण्या छान झाल्या. नाशिक रस्त्यावरच्या पेठ गावाकडच्या काही शेतकऱ्यांना पॅक वापरायला द्यायचे ठरले. त्यासाठी नवा माल तयार झाला. त्यातलाच एक मी मामांकडेही पाठवला.

डबा खात असताना स्नेहलचा फोन आला. आवाज अगदी खाली होता. "ताई, तुमची पांढरी भाईर आलीय. नवी हाय ना, ती."

मी जाऊन तो पॅक घेऊन आले. सगळ्या तपासण्या केल्या, एक्स-रे काढले. शेवटी फोडून एकेक चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कुठेही चीर नव्हती. तंतू नव्हते. इतक्या स्वच्छ चकत्या आमच्याकडे क्वचितच बनल्या असतील.

साहेबांना सांगितलं, पेठला गेलेला माल परत मागवू. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, चिरांची शंका आहे. त्यांनी फोटो मागितले, मी ते पुढे ठेवले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि काळजीने म्हणाले, वृषाली, चार दिवस घरी राहा.

मी रजा टाकली आणि सरळ नाशिकची गाडी धरली. पेठला जातेय हे घरी सांगितलं नाही. मामांनाही नाही.

पहिलं घर झुंबरबाईंचं होतं. पॅक न्यायला त्याच आल्या होत्या, त्यामुळे तोंडओळख होती. पॅक अंगणात, घरापासून लांब, मोकळ्या जागी ठेवलेला दिसला. झुंबरबाई चहा गाळत होत्या.

"या ताई, बसा. तुमचा मानूस आत्ताच सांगून गेला, मागनं ताई येत्यात म्हनून."

कोण माणूस, मी विचारलं.

"नाव काय इचारलं न्हाई. पॅक त्यानंच भाईर काढला. च्या घे म्हनलं, तर म्हनला, फुडच्या घरी घाई हाय."

त्यांनी दिलेला कप मी खाली ठेवला.

पुढचं घर बांधाच्या पलीकडे होतं. आधी चालत निघाले. मग धावले.

दाराला कुलूप होतं. घरची माणसं रानात गेली असावीत. हाक मारली, ओ आली नाही.

भिंतीला लागून कडबा रचलेला होता. तो अर्धा ओढून लांब टाकला होता, पेंढ्यांच्या खुणा मातीत ताज्या होत्या. मोकळ्या केलेल्या जागेच्या मधोमध पॅक होता. हाताशी असावं म्हणून ठेवावं तसं शेजारी एक घमेलं, काठोकाठ मातीने भरलेलं.

मी वाकून पॅकवर तळहात ठेवला.

अजून गार होता.