निळी फळी

फळी आणायला जायचं, आणि आजच जायचं, हे ओइरिकनं चहा गाळता गाळताच ठरवून टाकलं होतं.

आदल्या संध्याकाळी मेंढपाळ फिनले बातमी घेऊन आला होता. हरवलेली मेंढी शोधत तो लुईस बेटाच्या पश्चिम कड्यावर गेला, तेव्हा खालच्या खाडीत, खडकांच्या फटीत, त्याला एक निळी फळी अडकलेली दिसली. तिच्यावर पांढरी अक्षरं होती. हिवाळ्यात ओइरिकचा मुलगा रुअरी मासेमारीला गेला तो परतलाच नव्हता. त्याची होडी निळी होती, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात आईचं नाव रंगवलेलं होतं.

“माझा पाय धड असता तर मीच उतरलो असतो,” फिनले खाली मान घालून म्हणाला. “पण उद्या मोठी भरती आहे. ती फळी राहायची नाही. आणि ऐका, दुपारनंतर वारा फिरेल!”

म्हणून सकाळीच दोघी निघाल्या. पुढे ओइरिक, मागे तिची सून शोनाक. शोनाकच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं आणि पिशवीत ओटच्या भाकऱ्या, चीज अन् चहाची बाटली.

ऊन छान पडलं होतं. कड्याच्या काठानं गवत दक्षिणेच्या वाऱ्यावर लवत होतं, खाली लाटा फुटत होत्या आणि वर चंडोल गात होते. सासूबाई अशा झपाझप चालत होत्या की शोनाकला धाप लागली.

“आई, जरा हळू!”

“तुझ्या वयाची असताना मी पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालायचे. शिवाय चालता चालता मोजेही विणायचे.”

“मग आज विणकाम का नाही आणलं?”

“चुकलंच! तुझ्यासाठी थांबावं लागतंय, तेवढ्यात विणत बसले असते!”

शोनाक हसली. मग ओइरिक मागे न बघताच म्हणाली, “लग्न झाल्यावर सगळे त्याला म्हणायचे, होडीवर आता बायकोचं नाव घाल.”

“मला म्हणाला, रंग महाग आहे.”

“मला म्हणाला, आई, तू रुसशील!”

ओइरिकनं पावलं आणखी झपाझप टाकली.

ओढ्यापाशी पोचेपर्यंत आभाळ भरून आलं. मग गारा! गालांवर, डोळ्यांवर, बोटांवर सटासट मारा. डोंगरावर आधीच पाऊस झाला असावा; ओढा तपकिरी होऊन फेसाळत होता. दोघींनी एकमेकींच्या कमरेला विळखा घातला आणि आडव्या पावलांनी पाण्यात शिरल्या. पाणी मांड्यांपर्यंत आलं. शोनाकचा पाय एका गोट्यावरून सटकला, पण ओइरिकच्या हाताची पकड सुटली नाही.

पलीकडे धुकं उतरलं. आता कडा दिसेना, नुसता ऐकू येत होता. लाटांचा आवाज डाव्या कानाला ठेवत त्या चालत राहिल्या, आणि धुकं विरलं तेव्हा खाडी पायाखाली होती.

गवताळ घळीतून त्या बसत, घसरत खाली उतरल्या. फळी तिथंच होती! टोक तुटलेलं, रंग खरवडलेला, पण अक्षरं शाबूत. ओइरिक गुडघ्यांवर बसली. तिनं पदरासारखी शाल ओढून एकेक अक्षर पुसलं. मग ओल्या लाकडावर गाल टेकवला.

“आई,” शोनाक हळूच म्हणाली, “पाणी चढतंय.”

तिनं फळी दोरानं पाठीला बांधली. दोघी घळीत चढू लागल्या, शोनाक पुढे, ओइरिक मागे. आणि नेमका तेव्हाच वारा फिरला. वायव्येकडून असा झोत आला की पाठीवरची फळी शिडासारखी भरली. शोनाक खडकाला चिकटली. तेवढ्यात खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला.

“शोनाक!”

ओइरिकचे पाय निसटले होते. दोन्ही मुठींत ओलं गवत धरून ती लोंबकळत होती. खाली लाट आपटली. गवत मुळासकट सुटायला लागलं होतं.

दोर एकच. आणि तो फळीला!

“सोडू नकोस ती!” ओइरिक ओरडली. “ऐकतेस का? फळी सोडू नकोस!”

शोनाकनं गाठ ओढली. फळी पाठीवरून सुटली, कड्यावर आपटली आणि वाऱ्यावर गिरकी खात पाण्यात गेली. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. दोराचा फास खाली टाकला.

“हात घाला! आधी डावा! आता उजवा!”

दोर एका सुळक्याला अडकवून ती मागे रेलली. ओढलं. पुन्हा ओढलं! तळहात सोलले. अखेर शालीचं टोक दिसलं, मग पांढरे केस, मग तो राखेसारखा चेहरा.

वर मेंढपाळांच्या दगडी झोपडीत दोघी एका शालीत बसल्या. बाटलीतला चहा कोमट झाला होता. ओइरिकनं सुनेचे तळहात उलटे केले, त्यांच्यावर फुंकर घातली आणि आपला रुमाल फाडून बांधला.

“मी सोडली ती,” शोनाक म्हणाली. “त्याचं तेवढंच उरलं होतं.”

“भाकरी खा,” ओइरिक म्हणाली. “थरथरतेयस.”

परतताना वारा पाठीशी होता आणि पावसानं धुतलेलं ऊन तिरपं पडलं होतं. ओढा ओसरला होता. एरवी पुढे चालणाऱ्या सासूबाईंनी या वेळी सुनेचा दंड धरला आणि गावापर्यंत सोडला नाही.

वेशीवर फिनले काठी टेकून उभा होता.

“मिळाली का?”

ओइरिकच बोलली.

“मिळाली रे. पण ओझं एकच आणता येणार होतं. या वेडीनं चांगली हलकी फळी टाकली, आणि ही जड म्हातारी वर ओढली!”

ती हसली. हिवाळ्यापासून पहिल्यांदा हसली. हसता हसता तिला रडू फुटलं, भर रस्त्यात, फिनलेच्या देखत. ती स्वतःला आवरेल, याची वाट शोनाकनं पाहिली नाही. तिनं सासूला कवेत घेतलं आणि रडू दिलं.