रिकामं भांडं परत देऊ नये

आमच्या एल बोल्सोन गावाच्या बस थांब्यावर तो बाकड्यावर बसला होता. मांडीवर तपकिरी काचेची, कान असलेली जाडजूड बरणी, आणि ती दोन्ही हातांनी अशी पोटाशी धरलेली… जणू तान्हं बाळच! बरणीवर आमच्या कारखान्याचं चित्र होतं. मला राहवलं नाही.

"कुणाचं बाळ?"

"इथलंच. दत्तक घेतलंय."

"आईला विचारलंस?"

त्यानं वर पाहिलं. पावसाची भुरभुर होती, त्याच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या. "आई कोण?"

"मी. ही बिअर मी आणि बाबा बनवतो."

"मग आईला सांगायलाच हवं…" तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बाळ जरा कडू आहे."

अख्खं गाव आमची बिअर पिऊन 'छान, छान' म्हणायचं. तोंडावर असं कुणी बोललंच नव्हतं. राग यायला हवा होता – आणि मी मात्र त्याच्या बरणीच्या झाकणाला चिकटपट्टी गुंडाळत बसले!

त्याचं नाव फेर्मिन. दूर समुद्रकाठच्या मार देल प्लाताला, बंदराजवळ त्याचं छोटंसं दुकान. स्वतः बनवलेली काळी बिअर तो नळावर विकायचा.

"पोचलास की लगेच पी," मी बजावलं. "नळावरून भरलेली फार टिकत नाही. आणि बरणी परत पाठव, आम्हाला पुन्हा भरायला लागते."

"रिकामी? छे! रिकामं भांडं परत देऊ नये."

आणि खरंच, बसच्या सामानातून बरणी आली ती त्याच्या काळ्या बिअरनं भरून. मग मी तरी रिकामी कशी पाठवणार?

असा आमचा व्यापार सुरू झाला. बरणी पोचली की फोन, आणि फोनवरच घोट.

"खारट लागतेय जरा. मीठ घालतोस?"

"नाही गं. भरताना तुझी आठवण येते, घाम फुटतो… तोच पडत असेल."

"शी! फेर्मिन!"

बाबा सगळं पाहत होते. वाटेत दोन बरण्या तडकल्या तेव्हा म्हणाले, "माइतेना, आता आणखी एक फुटली ना, तर बसनं काच जायची नाही. प्रेम करायचं तर पत्र्याच्या डब्यातून करा." मी लाजले, आणि तेही फेर्मिनला सांगून टाकलं.

त्याच सुमारास मी गावातल्या हॉपच्या – बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या – महोत्सवासाठी रासबेरीची बिअर केली. मनात धाकधूक होती. पहिली बरणी त्यालाच धाडली.

"रासबेरी अगदी अलगद येते… शेवटी, चोरपावलांनी," तो म्हणाला. "काही बदलू नकोस."

त्याच्या शब्दावर मी महोत्सवासाठी त्याच बिअरचं अख्खं पिंप लावलं.

मग एका सकाळी बसचालक ओस्वाल्दोकाकांनी मला थांब्यावर गाठलं. "पोरी, अब्रू घेतलीस माझी! वाटेत, बाहिया ब्लांकाच्या अलीकडे तुझी ती रासबेरी फुटली. घरी गेलो तर कपड्यांचा वास घेऊन बायको म्हणते, बस चालवतोस की पिऊन लोळतोस?"

"फुटली…?"

"थेंब उरला नाही! त्या तुझ्या पोराच्या हातात नुसत्या काचा दिल्या मी."

मी तिथूनच फोन लावला. "फेर्मिन, रासबेरी कशी होती म्हणालास?"

"अगं, अलगद—"

"काचांसकट प्यायलास का?"

मी फोन ठेवला. जगातला एकच माणूस माझ्याशी खरं बोलतो, असं मला वाटलं होतं… त्यानंतर मी ना बरणी पाठवली, ना फोन उचलला.

हॉपची तोडणी सुरू झाली. भर दुपारी, वेलींच्या रांगेतून चुरगळलेल्या शर्टातला फेर्मिन चालत आला. बाबा कात्री घेऊन उभेच होते.

"बरणी फुटली म्हटलं असतं तर बरण्या थांबल्या असत्या," तो म्हणाला. "आणि बरण्या थांबल्या की तूही… भ्यालो मी. चुकलो."

मी आत गेले, नळावरून पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला. "आता पी. आणि खरं सांग."

त्यानं घोट घेतला. दुसरा घेतला. मान खाली घातली. "गोड आहे, माइतेना. मुरंब्यासारखी."

माझे डोळे भरून आले. "माझं पिंप…"

"ऐक ना. हॉपची ही ताजी फुलं टाक त्यात. कडवटपणा आला की गोडी आवरेल. वेळ आहे अजून."

बाबांनी त्याच्या हातातल्या पेल्यातला घोट घेऊन जीभ टाळ्याला लावली. "पोरगा बरोबर बोलतोय. मग उभा काय राहिलास रे? वेल ओढ!"

आम्ही शेजारी शेजारी फुलं तोडत राहिलो. (त्या पिंपाच्या तळाशी महोत्सवात दुपारपर्यंत फेससुद्धा उरला नाही.)

"पुन्हा काही फुटलं तर?" मी विचारलं.

"आधी तुला सांगेन."

"आणि आत्ता काही सांगायचंय?"

"आहे…" त्याचे कान लाल झाले. "तू मला फार आवडतेस. हे न चाखता बोलतोय, पण खरं आहे."

मी हसत सुटले – आणि मग मीच पुढे झुकले. वेली दाट होत्या, म्हणून बरं!

हॉपच्या फुलांना पिवळा चीक असतो, भलता चिवट. बाबांनी हाक मारली तेव्हा आमचे हात एकमेकांतच होते.

"चिकटलेत, बाबा!" मी ओरडून सांगितलं. "सुटतच नाहीत!"