बांध आतून भिजलाय

"अगो बाय, आमच्या बांधात काय पुरतेस?"

सोनम दचकली. आमोणे गावच्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या सखल भातशेतीत, नदीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधावर ती गुडघे टेकून बसली होती. मागे उभा असलेला तरुण हसत होता.

"टॅग," ती म्हणाली. "बॅटरी लागत नाही. रीडर जवळ नेला की उत्तर देतो. माती भिजली की गप्प बसतो. मांद्र्याहून आलेय, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. पंचायतीला विचारलंय."

"मला नाही विचारलंस."

"आता विचारते."

"मग… पूर."

अविनाश त्याचं नाव. शनिवारी ती रीडर घेऊन बांधावर फिरायची, आणि नेमकं तेव्हाच त्याला शेतात काम निघायचं. कधी शहाळं, कधी नुसतंच, "आज उशीर केलास?" तिला ते आवडू लागलं होतं.

दिवाळी तोंडावर आली. भात पिवळं झालं, आणि तिचा शेवटचा शनिवारही उजाडला. मांडवी नदीला मोठी भरती होती. बांधाच्या वळणावर रीडर बीपच देईना.

"टॅग बिघडला असेल," अविनाश म्हणाला. वरची माती कोरडी ठणठणीत होती.

"नाही. बांध आतून भिजलाय. पण… मी चुकले तर चांगला बांध फुकट खणशील."

"तू सांगतेस ना?"

त्याने फावडं घातलं. दोन-तीन घावांत ओली माती लागली, मग खेकड्याने पोखरलेलं बीळ, आणि खाऱ्या पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर. त्याने टाच रोवून भोक दाबलं. सोनम ओढणीतून चिखल आणत राहिली, दोघं थापत राहिली. पाणी थांबलं तेव्हा तिचा हात त्याच्या हाताखाली होता. तिने तो काढला नाही.

"मी चुकले असते तर?"

"खड्डा दोघांनी मिळून बुजवला असता."

 

दोघं चिखलाने माखलेली अविनाशच्या घरी पोचली, आणि त्यांना बघून त्याची आई, सुमंगला, दारातच थबकली.

"कोण रे ही?"

"सोनम. हिनं आज आपलं भात वाचवलं." तो अडखळला. "आणि आई… मला ही आवडते."

सोनमचे कान तापले. "हे आधी मला सांगायचं असतं," ती पुटपुटली.

"आत्ता ऐकलंस ना?"

सोनमने पायांवर तांब्या ओतला. एक पाय, मग दुसरा, अगदी सावकाश.

"मावशी," ती म्हणाली, "माझं ताट ह्याच्याच बाजूला मांडा."