पट्टीनं मोजलेले घास

भट्टीवर विटा थापणं थांबवून हिरी वाघमारे दंड पुढे करून बसली होती. आरोग्यसेविका सुनेत्रा तिच्या दंडावरच्या मधुपट्टीतल्या नोंदी हातातल्या पडद्यावर वाचत होती. हात तोंडाशी गेला की पट्टी घास ओळखायची आणि तो पोटात पोचायच्या आत त्या मानानं इन्सुलिन सोडायची. शहरात या पट्टीनं मधुमेहाचे मृत्यू निम्म्यावर आणले होते. दवाखान्यातलं सुईचं इन्सुलिन मग बंदच झालं. या भट्टीवर मात्र महिन्याभरात पट्टी लावलेल्या दोन बाया काम करता करता कोसळून मेल्या होत्या.

"दिवसाला अकरा जेवणं?" सुनेत्रा कडाडली. "हिरे, काही धरबंध?"

काडीसारखी हिरी खो खो हसली. "अकरा? बाय, एकदा मिलला तरी लय झाला." हसता हसता तिनं चिमूटभर मशेरी घेतली आणि दातांवर बोट फिरवायला लागली.

पडद्यावर उमटलं : जेवण बारावं. इन्सुलिन सोडलं.

अकरा जेवणांचा हिशेब सुनेत्राला तिथंच लागला. भूक मारायला या बाया दिवसभर मशेरी लावत. पट्टी बनवणाऱ्या शहाण्यांनी असं माणूस कधी पाहिलंच नव्हतं. पट्टी काढावी तर साखर चढून मरेल, ठेवावी तर उतरून.

"मशेरी सोड आजपासून."

"मंग भूक लागल."

"मग जेव!"

"काय जेवू?"

सुनेत्राला स्वतःचीच लाज वाटली. पिशवीतला बिस्किटांचा पुडा तिनं हिरीच्या हातात कोंबला आणि त्याच दुपारी कंपनीला सविस्तर कळवलं : मशेरी म्हणजे घास नव्हे, एवढं यंत्राला शिकवा.

उत्तर आठव्या दिवशी आलं. सुधारणा केली आहे, आभार. हिरी पाचव्या दिवशीच गेली होती.

निदान पुढची तरी वाचेल, अशी मनाची समजूत घालत सुनेत्रा नवी पट्टी घेऊन भट्टीवर गेली. तिथंच विटा थापणाऱ्या बेबी मुकणेची साखर चारशेच्या वर होती. पडद्यानं वजन विचारलं, काम विचारलं, जमात विचारली. मग लिहिलं : अपात्र. या गटात पट्टीमुळे मृत्यूचं प्रमाण जास्त आहे.

यंत्र शिकलं होतं. त्याच्या परीनं.

सुनेत्रानं पट्टी पुन्हा पिशवीत ठेवली. बेबी दंड उघडा धरून तशीच बसली होती.

"हिरीला लावलीस ना, बाय?" ती म्हणाली. "मंग मना का नाय?"