पाहुण्या पेशी

मिरजेतली मुलं हल्ली आजारीच पडत नाहीत. त्यामुळे ‘ताप आलाय’ अशी थाप मारून शाळा बुडवायचीही सोय राहिलेली नाही. बाळ जन्मलं की बारशाच्या आत त्याला ‘पूर्वस्मृती’ टोचतात, म्हणजे जगातल्या झाडून साऱ्या रोगजंतूंची ओळख त्याच्या रक्तात आयती भरून देतात. गोवर, गालगुंड हे शब्द आता फक्त आज्यांच्या तोंडी ऐकू येतात. आणि आज्यांची नावं तरी काय, तर केतकी, सायली, तेजश्री!

केतकी पाटगावकर ही त्याच पिढीतली. तिने पूर्वस्मृती कधी घेतली नव्हती. मोठ्या माणसाला ती द्यायची तर आधी शरीराची जुनी आठवण पुसावी लागते, आणि पुसापुशीचा केतकीला मनस्वी तिटकारा. तिच्यासारख्यांना आरोग्यकेंद्रातले लोक थट्टेने ‘स्वकमाईची माणसं’ म्हणत. जेवढे आजार काढले, तेवढीच ओळख गाठीला.

यंदा मात्र त्या स्वकमाईनेच दगा दिला. आधी बोटांचे सांधे सुजले, आणि आता मूत्रपिंडांवर बेतलं.

“काकू, अंगात दोन तऱ्हेचे राखणदार असतात,” केंद्रातली तरुण डॉक्टर रेवा बोरकर समजावत होती. “एक उपजत. सोसायटीच्या वॉचमनसारखा. भलतं कुणी दिसलं की लगेच दंडुका घेऊन धावतो, पण कालचा चोर आज परत आला तरी ओळखत नाही. दुसरा अर्जित. तो यायला आठवडा लावतो, पण एकदा बघितलेला चेहरा वर्षानुवर्षं विसरत नाही.”

“आमच्या सासूबाई,” केतकी म्हणाली. शेजारी बसलेला तिचा नवरा श्रीरंग खुदकन हसला.

“तुमचा हा दुसरा बिघडलाय. घरच्यांनाच चोर समजून बडवतोय. त्याला पुरता घालवायचा, थोडे दिवस घर वॉचमनवर सोडायचं, आणि मग नवे राखणदार शिकवून उभे करायचे. नाहीतर वर्षभरात मूत्रपिंडं जातील, आणि नवी बसवली तरी हा ती टिकू देणार नाही.”

“मग उद्याच करा की,” श्रीरंग म्हणाला.

रेवा घुटमळली. “एक सांगायलाच हवं. तपासणीत काही पेशी सापडल्या. त्या काकूंच्या नाहीत. पुरुषाच्या आहेत.”

“पुरुषाच्या?” श्रीरंगने विचारलं.

“बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात. पुष्कळदा तिथेच मुक्काम करतात. आम्ही त्यांना पाहुण्या पेशी म्हणतो. तुमच्या यकृतात त्या आहेत, काकू. अजून जिवंत आहेत.”

केतकीला एकच मूल झालं होतं. निहार. तेविशीत हिमालयात गेला आणि हिमकड्यासकट कोसळला. अग्नी द्यायलासुद्धा हाती काही लागलं नव्हतं.

तिचा हात आपसूक उजव्या बरगडीखाली गेला. “माझ्या राखणदारांनी त्याला सोडलं कसं?”

“गरोदरपणात ते शिकतात. हा अर्धा परका आहे, बापाकडचा आहे, तरी याला हात लावायचा नाही. ती शिकवण जुन्यांपाशीच आहे. नव्यांना तो परकाच दिसणार.”

“मग त्यांनाही शिकवा की!”

“शत्रू कोण ते आम्ही शिकवू शकतो. आपला कोण, ते नाही जमलेलं अजून. ते गरोदर बाईचं शरीरच करतं.”

“मग त्या पेशी काढून तरी ठेव गं.”

“इतक्या विखुरल्यात, काकू... नाही येणार.”

घरी आल्यावर केतकी कितीतरी वेळ ओट्याशी नुसती उभी राहिली. निहारला कांजिण्या आल्या तेव्हा तो पाच वर्षांचा होता. अंथरुणाभोवती कडुनिंबाचे डहाळे लावले होते. घरात फोडणी द्यायची नाही, असा सासूबाईंचा दंडक. आणि श्रीरंगने नेमकी आमटीला चरचरीत फोडणी घातली! दारं-खिडक्या उघडून, टॉवेल हलवून तो धूर बाहेर घालवत होता आणि पोरगं अंगभर फोड घेऊन खिदळत होतं. मग केतकीही हसली होती. किती गोड होते ते दिवस! खाजेने रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन रात्र रात्र बसण्यातही काही सुख होतं, हे आताच्या आयांना कुणी सांगावं?

“मी नाही घेणार उपचार,” ती म्हणाली.

श्रीरंग ओट्यापाशी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, “तू गेलीस तर तोही जाईल ना, केतकी? तुझ्याबरोबरच जाईल. मग मी दोघांशिवाय राहायचं?”

बरगडीखाली हात ठेवून ती रडली, आणि केंद्रात गेली.

उपचार उत्तम लागू पडला. सूज उतरली, बोटं मोकळी झाली, जेवणाला चव आली. नंतरच्या एका तपासणीला रेवाने मूत्रपिंडांचे आकडे आनंदाने वाचून दाखवले. मग आवाज उतरवून म्हणाली, “काकू, पाहुण्या पेशी आता नाहीत.”

“कधी गेल्या?”

“गेल्या आठवड्यात कधीतरी. त्याआधीच्या तपासणीत होत्या.”

“मला काहीच कसं कळलं नाही? ताप नाही, साधी कणकणसुद्धा नाही!”

“नवे राखणदार फार सफाईने काम करतात.”

श्रीरंग घरी तिची वाट बघत होता. चपला काढता काढता केतकीने त्याला विचारलं, “गेल्या आठवड्यात आपण काय काय केलं रे?”

त्याला वाटलं, हिचा मूड चांगला आहे. “सोमवारी तू कडबोळी वळलीस. कितीतरी वर्षांनी! एकही मोडलं नाही. मग नाटकाला गेलो, तू केवढी हसलीस. आणि झोप तर काय, सकाळी मी हलवून उठवायचो तुला.”

“हो,” केतकी म्हणाली. “फार छान वाटत होतं मला.”