बाटलीतले बुडबुडे

विक्रांतदादा खोकला की पलंगाखालच्या बाटलीत बुडबुडे यायचे. त्याच्या उजव्या बरगड्यांमधून निघालेली नळी त्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेली होती. म्हणजे बुडबुडे दादाच्या छातीतून येत होते, एवढं अकरा वर्षांच्या शलाकाला कुणी सांगायला नको होतं. कोडं वेगळंच होतं. ज्याला आधीच श्वास पुरत नाही, त्याच्या छातीतली हवा बाहेर कशाला काढायची?

साल होतं २०६१. कबड्डीच्या सामन्यात दादाची बरगडी मोडली, तेव्हापासून तीन दिवस तो रुग्णालयात होता. त्याची देखभाल धीरू नावाचा यंत्रमानव करायचा. तो दर तासाला येई, वाकून बुडबुडे बघे, आकडा नोंदवी आणि एक शब्द न बोलता निघून जाई. काल तर त्याने जुनी बाटली झाकून कुठेतरी नेली आणि नवी लावली. शलाकाने कारण विचारलं, तर उत्तराऐवजी नळीला हात लावायचा नाही अशी ताकीद मिळाली. कर नाही त्याला डर कशाला? इथे कुठेतरी पाणी मुरत होतं, अशी तिची खात्रीच पटली. आईला सांगून पाहिलं, तर आई म्हणाली, तुला देवाच्या प्रसादातही खडे दिसतात.

दुपारी आई चहा आणायला खाली गेली. दादाला डुलकी लागली होती. शलाकाने नळी दुमडली आणि मुठीत घट्ट धरली.

बुडबुडे थांबले. तिला भारी आनंद झाला. पण थोड्याच वेळात दादा खोकत जागा झाला आणि धापा टाकू लागला. आपण श्वास अडवून ठेवलाय, आता तो दादालाच मिळेल, या हिशेबाने वेडीने मूठ आणखी आवळली. तेवढ्यात धीरू आला, कधी नव्हे इतक्या वेगाने.

"मूठ उघड, शलाका."

"नाही. तू त्याचा श्वास चोरतोस."

"ती हवा त्याच्या श्वासाची नाही. ती चुकीच्या जागी अडकली आहे. ती कोंडली तर तो गुदमरेल."

शलाकाचा धीरूवर काडीचा विश्वास नव्हता. पण दादाचे ओठ निळसर पडत होते, ते तिला दिसत होतं. तिने मूठ उघडली. बाटलीत बुडबुड्यांचा लोंढा आला आणि हळूहळू दादाचा श्वास पूर्ववत झाला.

मुजावर डॉक्टर धावत आल्या. दादाला नीट तपासून झाल्यावर त्यांनी धीरूला विचारलं, "हिला कुणी समजावून सांगितलं होतं का?" धीरू म्हणाला, नाही. "मग चूक दोघांची," असं म्हणून त्यांनी ते काम धीरूवरच सोपवलं.

धीरूने भिंतीवर फुप्फुसांचं चित्र पाडलं. शलाकाने लगेच खोट काढली: उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोनच, एक कुठे गेला? धीरूने सांगितलं, की डाव्या बाजूला हृदयालाही जागा लागते, म्हणून ते फुप्फुस जरा लहान असतं आणि त्याचे खंड (भाग) दोनच. मग तो मुद्द्यावर आला. श्वास घेताना छातीचा पिंजरा फुलतो आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा) खाली सरकतं. फुप्फुस स्वतःहून फुलत नाही. उलट ते सारखं आक्रसायला बघतं. पण ते छातीबरोबर ओढलं जातं आणि हवा आत येते.

"ओढतं कोण? दोरी तर दिसत नाही," शलाका म्हणाली.

धीरूने दोन सपाट काचा आणल्या, मध्ये पाण्याचे थेंब टाकून एकमेकींवर दाबल्या आणि तिच्या हातात दिल्या. काचा एकमेकींवरून सहज घसरत होत्या, पण सरळ ओढून सुटत नव्हत्या. फुप्फुसावरणाचे (फुप्फुसाभोवतीच्या पातळ अस्तराचे) असेच दोन पदर असतात. एक फुप्फुसाला बिलगलेला, दुसरा छातीला आतून. मध्ये जेमतेम चमचा-दोन चमचे द्रव. शलाकाने काचांच्या कडेला नख खुपसलं. फटीतून हवा शिरली आणि काचा अलग झाल्या.

मग तिनेच सांगितलं, की बरगडीच्या टोकाने दादाच्या फुप्फुसाला भोक पडलं असणार, तिथून हवा पदरांमध्ये शिरली आणि फुप्फुस आक्रसलं. नळी तीच हवा बाहेर सोडते आणि बाटलीतलं पाणी तिला परत फिरू देत नाही. धीरूने मान हलवली. जुन्या बाटलीत छातीतून आलेला द्रव साठला होता, म्हणून ती बदलली, हेही त्याने न विचारता सांगितलं.

दोन दिवसांनी, सकाळी, बुडबुडे पुन्हा थांबले.

शलाकाने कुठेही हात न लावता बाटलीपासून छातीपर्यंत नळी डोळ्यांनी तपासली. कुठेही दुमड नव्हती. पाण्यात बुडालेल्या टोकाशी मात्र नळीतलं पाणी दादाच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. म्हणजे वाट मोकळी होती आणि तरी हवा येत नव्हती.

"दादा, खोक."

तो खोकला. एकही बुडबुडा नाही.

"अजून एकदा. जोरात."

तेव्हाही नाही. धीरू तिच्याशेजारी वाकून बघत होता. भोक बुजलं का, असं तिने त्याला विचारलं. त्याने सांगितलं, की चिन्हं तशीच आहेत, पण क्ष-किरण चित्र पाहिल्याशिवाय तो बोलणार नाही. शलाकाला तो पहिल्यांदाच आवडला.

दुपारी मुजावर डॉक्टरांनी छातीचं क्ष-किरण चित्र दाखवलं. उजवं फुप्फुस बरगड्यांना पुन्हा टेकलं होतं. एक-दोन दिवसांत नळी निघेल, काही महिन्यांनी मैदानावरही जाता येईल, असं त्या म्हणाल्या. शलाकाने आधी कोपऱ्यातलं नाव वाचलं, मग तारीख वाचली, मग उजवी बाजू खरंच उजवी आहे ना ते विचारून घेतलं. सगळं जुळत होतं. तेव्हा कुठे ती दादाच्या उशाशी बसली आणि मनसोक्त रडली.